चौकात उभी गाडी

बस डेपोत त्याला सगळे कंजूषकाका म्हणत. पैशाच्या बाबतीत नव्हे, डिझेलच्या. सिग्नल लांबला की इंजिन बंद, उतार लागला की पाय वर, आणि ब्रेक असा दाबायचा की उभ्या म्हातारीलाही पत्ता लागू नये. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. पण एका लिटरमागे कोणी किती किलोमीटर काढले, हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहीत, आणि अकरा महिने तिथं सगळ्यात वर काकाच होता.

वर्षअखेर जो वर, त्याला आपली पाळी निवडायला मिळे. काकाला सकाळची हवी होती. दिवस मावळला की त्याच्या बायकोला दिसेनासं व्हायचं. मध्यंतरी गरम पाणी उतरवताना तिनं हात भाजून घेतला, तेव्हा काका शहराच्या दुसऱ्या टोकाला फेऱ्या मारत होता. पहिला नंबर गेला खड्ड्यात, त्याला संध्याकाळी घरी असायचं होतं.

बाराव्या महिन्यात इंधन बचत पंधरवडा आला. साहेबांनी काकालाच बोलावलं.

"सगळ्यात कमी डिझेल खाणारी गाडी तुमची. प्रदर्शन तिच्यातच लावू. मान आहे हा, काका!"

कसला डोंबलाचा मान! बाकं काढली, तक्ते टांगले, बाहेर 'थेंब थेंब वाचवा' असं कापड ताणलं आणि गाडी चौकात उभी केली. पाहुण्यांना उकडू नये म्हणून एसी, आणि एसीसाठी इंजिन दिवसभर चालू. गाडी जागची हलत नव्हती, धूर मात्र शेजारच्या दुकानात शिरत होता. पहिल्या दिवशी आत चिटपाखरू नाही बघून काकानं चावी फिरवली, तर साहेब धावत आले.

"बंद काय करताय? आत्ता कोणी मोठं माणूस आलं म्हणजे?"

तिसऱ्या दिवशी काकानं धीर केला. "साहेब, हे सगळं डिझेल माझ्या नावावर चढतंय. प्रदर्शनाचं म्हणून वेगळं लिहा ना."

"बचतीच्या कार्यक्रमात एवढं डिझेल जाळलं, हे कागदावर आणू? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

फळ्यावर शेवटी तो नववा आला. पहिला आलेला माणूस खरोखरच चांगला चालवायचा, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येईना. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी बघू. आज नव्या ड्रायव्हरांना चार शब्द सांगा, डिझेल कसं वाचवायचं ते."

काका समोर उभा राहिला. "गाडी थांबली की इंजिन बंद करा," तो म्हणाला. "आणि साहेबांनी मान दिला, तर त्या दिवशी आजारी पडा."

सगळे खो खो हसले. साहेबही हसले, टाळ्या वाजवल्या. काकाला मात्र रडू फुटायचं बाकी होतं.

दिवेलागणीला तो दुसऱ्या टोकाच्या थांब्यावर होता. बायकोचा फोन आला.

"मिळाली का हो सकाळची?"

"नाही."

ती म्हणाली, "बरं. तुम्ही येईपर्यंत मी पलंगावरच बसते. काही पेटवायला जात नाही."