फौजी घरी नव्हता, याचा दाखला

फौजीने चोवीस वर्षं नोकरी केली आणि तिचा कागद न् कागद लोखंडी पेटीत तारखेवार लावून ठेवला. बदलीचे हुकूम, रजेचे पास, प्रशस्तिपत्र, सगळ्याला प्लास्टिकचं कव्हर. लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तो बायकोला म्हणाला, "बघच तू, फीमाफी चुटकीसरशी!" माजी सैनिकांच्या मुलांना फी माफ होती. मुदत शुक्रवारपर्यंत होती. माफी मिळाली नाही तर लेकीला ती जागा सोडावी लागणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

सैनिक कल्याण कार्यालयातल्या कारकूनबाईंनी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. कचेरीत कुणीतरी फाइल पूर्ण वाचतंय म्हटल्यावर फौजीला तिथेच संशय यायला हवा होता.

"काका, अर्जदार गेल्या वीस वर्षांतली पंधरा तरी या प्रांतात राहिलेला पाहिजे. तुम्ही तर नव्हताच."

"सीमेवर होतो."

"सीमा प्रांतात येते का?"

"नाही."

"मग झालं तर!"

चूक सीमेचीच. तिने मुकाट्याने कचेरीच्या मागच्या गल्लीतून जायला हवं होतं. आणि फौजी नव्हता याचा पुरावा तरी केवढा भक्कम! त्याने स्वतःच तो कव्हरं घालून आणला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच्या शेजारचा किराणावाला भरतीनंतर तिसऱ्याच दिवशी पळून घरी आला होता, त्याचं वास्तव्य मात्र नियमात चोख बसत होतं.

कारकूनबाई वाईट नव्हत्या. "एक पोटकलम आहे," त्या म्हणाल्या. "सैनिक बाहेर असला, पण बायको-मुलं सलग इथेच राहिली असली, तरी चालतं. पण तुम्ही तर लिहिलंय, 'कुटुंब कायम माझ्यासोबत.'"

फौजीने ते खोटं म्हणून लिहिलंच नव्हतं. दोघींचा फोटो खिशात घेऊन हिंडणारा माणूस दुसरं काय लिहिणार?

घरी बायकोने ऐकून घेतलं. "सोबत? अहो, अठरा वर्षं मी या दोन खोल्यांत आहे. हिच्या लशी, हिची शाळा, हात मोडला तेव्हाचा दवाखाना. थांबा, तुमची पेटी असेल तर माझीही पिशवी आहे."

पिशवीतल्या कागदांना कव्हरं नव्हती, तेलाचे डाग होते. पालकांच्या सहीच्या जागी सगळीकडे एकच सही होती, आणि ती फौजीची नव्हती.

आता फौजीने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं होतं की मी घरी नव्हतो. वर दोन शेजाऱ्यांची साक्ष. किराणावाला तर पेन घेऊन धावतच आला. "नव्हते हो, कधीच नव्हते! कुठे करू सही?" देशाच्या कामी यायची त्याची हौस अखेर फिटली.

शेवटचा रकाना होता, 'घरी राहिलेले एकूण दिवस.' फौजीने रजेच्या पासांची बेरीज केली आणि लिहिलं, आठशे बारा.

लेक खांद्यावरून वाचत होती. "बाबा, त्यातले दहा कमी करा. माझ्या पाचव्या वाढदिवसाचे."

"अगं, हा बघ ना पास."

"पास आहे. पण रजा रद्द झाली होती. मी दिवसभर फाटकाशी बसले होते."

इतकी वर्षं फौजीला वाटत होतं, आपण त्या वाढदिवसाला होतो. त्याने आठशे बारा खोडलं आणि आठशे दोन लिहिलं.

शुक्रवारी कारकूनबाईंनी शिक्का मारला. "अगदी बिनचूक! अभिनंदन, काका. घरी नसल्याचा इतका पक्का पुरावा कुणी आणत नाही."

फौजी मंजुरीची प्रत घेऊन घरी आला. तिला कव्हर घातलं, पेटी उघडली, मग तशीच बंद केली. कव्हर काढून टाकलं आणि कागद बायकोच्या पिशवीत ठेवला.