नळाचा पाईप

मला माणसं फारशी सोसत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. छापखान्यात तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले, तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. शुक्रवार पेठेतल्या एका दुमजली इमारतीत वरची खोली भाड्याने घेतली होती, तीत मी आणि माझा खोकला. भिंतींचे पोपडे निघालेले, तुळईला वाळवी, जिन्याच्या दोन पायऱ्या नाहीतच. मालक दुरुस्तीचं नाव काढत नव्हता. त्याला जागा हवी होती, आम्ही नको होतो. एखादा भाडेकरू कंटाळून गेला की दुसऱ्या दिवशी तो त्या खोलीचं दार आणि खिडक्या काढून न्यायचा. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघेच उरलो होतो. वर मी, खाली त्र्यंबक मास्तर.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, माझ्यासारखेच एकटे. मुलगी पद्मजा सांगलीला दिलेली. गुडघ्यांमुळे त्यांना भरली घागर उचलवत नसे, आणि मला वरून नळाचा आवाज ऐकू येत नसे. नळ चौकात, त्यांच्या दाराला लागून. पाणी कधी येईल याला काही धरबंद नव्हता. म्हणून आमचं ठरलं होतं. नळ सुटला की मास्तर सांडशीने पाईपवर तीन टोले मारायचे. जुना लोखंडी पाईप त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यातून थेट माझ्या उशापाशी आला होता. त्यातून पाणी वर चढायचं केव्हाच थांबलं होतं, आवाज मात्र चढायचा. मी उतरून आधी त्यांची घागर भरायचो, मग माझी. तोवर मास्तर चहा टाकायचे. अकरा वर्षं हे चाललं. गोडीगुलाबी नव्हती आमच्यात, पण त्या चहाची मला सवय लागली होती.

मे महिन्यातल्या एका सकाळी बशीत चहा ओतता ओतता मास्तर म्हणाले, "पद्मजा बोलावते आहे सांगलीला. कायमचंच ये म्हणते."

"मग?"

"जावं म्हणतो. इथे काय राहिलंय आता?"

मास्तर गेले की मालक माझ्या डोक्यावरचं छप्पर काढायला मोकळा. पण खरं सांगायचं तर छपराची भीती नंतर वाटली. आधी वाटलं, ह्या पडक्या घरात मी एकटा. हे तोंडाने कबूल करायचं सोडून मी नको ते बोललो.

"जावा की. जावयाच्या दारात तुकडं मोडायचं असतील तर कोण आडवतंय?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "आकाराम, असं बोलू नकोस."

"का बोलू नको? जाणाऱ्याचं पाणी मी का भरू? उद्यापास्नं तुमचं तुमी बघा. मला हाक मारायची न्हाय."

चहा तसाच टाकून मी वर आलो. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून जिन्यात बसून राहिलो, नळ सुटल्यावर फक्त माझी घागर भरली. मास्तर दारात तांब्या घेऊन उभे होते. मी मान वर केली नाही. पाईप वाजला नाही. पुढचे दोन दिवसही तेच. मनातून मला शरम वाटत होती, पण शरमेने वाकणाऱ्यांतला मी नव्हे.

पाचव्या दिवशी, रविवारी, दहाच्या सुमाराला मी पडलो होतो आणि उशाशी पाईप वाजला.

मी उठलो नाही. आता कशी आठवण झाली, असं मनात म्हणालो. माझ्या घागरीत आदल्या दिवशीचं पाणी होतं, मला घाई नव्हती. पाईप पुन्हा वाजला. नेहमीचे ठाशीव तीन टोले नव्हते ते. एक, मग बराच वेळ काही नाही, मग दोन लागोपाठ, मग नुसतं घासल्यासारखं. मला वाटलं, मास्तर रुसलेत, म्हणून अर्ध्या मनाने मारताहेत. वाजव म्हटलं, वाजव अजून. मी कुशीवर वळलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. कुणाला तरी माझी गरज होती आणि मी जात नव्हतो. थोड्या वेळाने आवाज थांबला. संध्याकाळी जाऊन चहा मागायचा, असंही मी ठरवून टाकलं.

तीनच्या सुमाराला घागर घेऊन खाली उतरलो. नळ कोरडा. नळाखालची फरशीही कोरडी, उन्हाने तापलेली. समोरच्या घराच्या दारात शेजारीण चिमणाबाई धान्य पाखडत बसल्या होत्या.

"पाणी किती वाजता गेलं, मावशी?"

"आलंच न्हाय की आज. सकाळपास्नं टिपूस न्हाय. लाईन फुटलीया म्हणं."

घागर तिथेच टाकून मी मास्तरांकडे धावलो. मास्तरांचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते कोपऱ्यात पाईपाला पाठ लावून बसल्यासारखे पडले होते. कॉटपासून तिथवर चादर फरफटत आली होती. सांडशी मांडीवर होती. अंग गार पडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. झटका आल्या आल्या आणलं असतं तर काही करता आलं असतं.

पद्मजाताई रात्री सांगलीहून आल्या. चौथ्या दिवशी खोली रिकामी करताना त्यांनी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "बाबांचं. शनिवारी मिळालं मला. वाचा तुम्ही."

अक्षर मास्तरांचं, तारीख भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची. 'येण्याचे रहित केले आहे. आकाराम मनाला लावून घेतो, त्याला एकटे टाकून येववत नाही. माझी काळजी करू नये. पाईप वाजवला की तो हजर असतो.'

मी ते दोनदा वाचलं. अक्षरं हलत होती.

"त्याच भरवशावर मी निर्धास्त होते," पद्मजाताई म्हणाल्या. "काका, त्या दिवशी बाबांनी पाईप वाजवला नाही का हो?"

मी सांगायला तोंड उघडलं.

"त्या दिशी पाणी आलं न्हवतं, ताई," मी म्हणालो.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली. त्यांना ते पटलं. मग स्वयंपाकाची भांडी एका पिशवीत भरून त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा. तुम्ही त्यांचं फार केलंत." सांडशी सगळ्यात वर होती.