झिजलेलं आणि खरवडलेलं

कारखान्यात नवी टेबलं जुनी करायचं काम सुनेकडे होतं. सुतार टेबल गुळगुळीत करून पाठवायचा आणि ही दिवसभर त्याची सालटी काढायची. संध्याकाळपर्यंत अंगाचं पार भुस्कट. पण जुनं करता करता दमले, हे सांगायचं तरी कुणाला?

त्यात हॉटेलवाल्या बाईंनी तिचं टेबल दुसऱ्यांदा परत पाठवलं.

"म्हणे हे झिजलेलं नाही, खरवडलेलं आहे," मालक म्हणाले. "फरक मला विचारू नकोस, मी धंदा करतो. पुन्हा परत आलं तर तुझ्या जागी यंत्र आणीन. यंत्र चहा मागत नाही."

"मला तरी कुठे मिळतो?"

"पण तू मागतेस."

जाताना तिने सुताराला फरक विचारला.

"खरवडतं माणूस. झिजतं आपोआप."

"मग मी आपोआप कसं करू?"

"ते यंत्राला विचार."

घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटकन बसली. भाजी निवडून झाली तशा सासूबाई उठल्या. डावा तळवा टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवला, जोर दिला, "आई गं" म्हटलं आणि उभ्या राहिल्या. तिथे लाकडाला बशीसारखा खोलगट, मऊ उतार पडला होता. सून इतकी वर्षं तो पुसत होती. फडक्याला माहीत होतं, तिला नव्हतं.

"आई, हा कोपरा असा कधी झाला?"

"मी काही केलं नाही हं," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

सुनेने नोकरीचं सांगितलं, टेबल मागितलं.

"ने की. लाकूडच ते."

सकाळी टेम्पोतून घरचं टेबल गेलं, खरवडलेलं घरी आलं. हॉटेलवाल्या बाईंनी कोपऱ्यावर हात ठेवला आणि उचललाच नाही. "हे झिजलेलं! अशीच अजून अकरा." मालकांनी सुनेला न विचारता होकार देऊन टाकला.

नोकरी वाचली म्हणायची.

संध्याकाळी सासूबाई नव्या टेबलाच्या कोपऱ्यावर हात टेकून उठायला गेल्या. तळव्याला टोक बोचलं, तशा अर्ध्यातूनच खाली बसल्या.

"हे मला ओळखत नाही गं."

सुनेने पिशवीतून पॉलिशपेपर काढला, खडू काढला.

"हात ठेवा. जिथे येतो तिथेच."

खडूची रेघ तळव्याभोवती फिरली.

"अशी किती करायची आहेत?"

"अकरा. पण आधी हे."

"म्हणजे मी बारा वेळा उठू?" सासूबाईंनी हात तसाच ठेवून डोळे मिटले. "त्यापेक्षा बसूनच राहते बाई."