तारामतीबाईंच्या एकशे एक टोप्या

निलंग्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर शिवकांताबाई लातूरला राहायला आल्या आणि पस्तीस वर्षांनी त्यांनी क्रोशाची सुई हातात घेतली. निमित्त भाचीच्या बाळाचं. लग्नाआधी त्या तोरणं, रुमाल, टोपडी वाट्टेल ते विणत. बोटांना सगळं आठवेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. बोटांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पहिली टोपी बशीसारखी पसरली, दुसरी लिंबालाही घट्ट झाली असती. लातुरात लोक डोक्याला ओलं फडकं गुंडाळतात, लोकर कोण घालणार, असं नवरा महादेवप्पा दोनदा बोलून गेले. बाईंनी सहा वेळा उसवलं. सातवी बाळाला बसली. तिरकी, पण बसली.

ती टोपी कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा तारामतीबाईंच्या नजरेस पडली आणि बाईंच्या छंदाचा उपक्रम झाला. दवाखान्यातल्या नवजात बाळांना एकशे एक टोप्या, सगळ्या हातच्या. वीस जणींनी नावं दिली. पहिल्या बैठकीत सगळ्यांनी सुई धरून फोटो काढले. निम्म्यांनी ती उलटी धरली होती. दुसऱ्या बैठकीला चौघी आल्या. तिसऱ्या बैठकीत नुसते पोहे झाले.

शिवकांताबाईंनी महिनाभरात पाच टोप्या विणल्या. तर्जनीला घट्टा पडला. कार्यक्रमाच्या दिवशी त्या दवाखान्याच्या सभागृहात पोचल्या, तेव्हा टेबलावर टोप्यांची रास होती, एकीसारखी एक. बाईंनी एक उलटी करून पाहिली. क्रोशाची टोपी माथ्यावरच्या कड्यापासून गोल फिरत खाली उतरते. तिला शिवण नसते. हिला बाजूनं सरळ शिवण होती आणि आत कापलेल्या लेबलाचा तुकडा. बाईंच्या पाच टोप्या पिशवीत घालून टेबलाखाली सरकवण्यात आल्या. फोटोत वेड्यावाकड्या दिसतील, असं तारामतीबाईंनी गोड आवाजात समजावलं.

मग त्यांनी भाषण केलं. भगिनींची माया, रात्रीचं जागरण, एकेक टाका. बोलताना त्यांनी राशीतली एक टोपी उचलून गालाशीही धरली. शिवकांताबाईंना किळस आली. शेवटी ज्येष्ठ सदस्य म्हणून त्यांनाच माईक दिला गेला.

"मी पाच विणल्या," त्या म्हणाल्या. "त्या टेबलाखाली आहेत. वरच्या यंत्रावरच्या आहेत. कुणी आणल्या ते तारामतीबाई सांगतील."

प्रमुख पाहुणे मोबाइल पाहत होते. आवाज थांबल्याबरोबर त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तारामतीबाईंचा टोपीसकट फोटो आला. संध्याकाळपर्यंत शिवकांताबाईंना मंडळाच्या ग्रुपमधून काढलं होतं. त्यांनी तो अपमान मानला नाही. सकाळी शंभर सुप्रभात वाचायचे वाचले.

त्या आठवड्यात त्या दवाखान्यात गेल्या. वॉर्डातल्या सिस्टरनं यंत्राच्या टोप्या कपाटात ठेवल्या होत्या. मापानं त्या एक वर्षाच्या पोरांच्या होत्या. टेबलाखालच्या पिशवीतल्या पाचांपैकी तीन टोप्या बाळांच्या डोक्यावर होत्या. उरलेल्या दोन तिनं परत दिल्या.

"ह्या लई घट्ट हायत, ताई. पोरगं रडायलं होतं."

बाईंनी त्या ओढून पाहिल्या. खरंच घट्ट होत्या. विणणारीनं, म्हणजे त्यांनीच, टाके मोजायचा कंटाळा केला होता. तारामतीवर तोंड टाकणारीनं हे केलं, याचा त्यांना भयंकर राग आला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी दोन्ही टोप्या उसवल्या, आणि आत जाऊन सिस्टरकडे मोजपट्टी मागितली.