खडूची फुली मारलेली स्प्रिंग

मित्रांनो, जबलपुरात नेपियर टाउनच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याचं गॅरेज आहे. त्याचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक जाड लोखंडी वेटोळं ठेवलंय. ते वेटोळं म्हणजे मी. पूर्वी मी एका स्पोर्ट्‌स कारची पुढची डावी स्प्रिंग होते. आता मला लोक पायाने सरकवतात. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

गाडी चाळीस वर्षांची, लाल, दोन दारांची. बदली झालेल्या एका लष्करी साहेबाकडून ती लहानूबाबांनी घेतली. लहानूबाबा ट्रकच्या सरकारी कारखान्यात स्प्रिंगा तपासायचे. एकतीस वर्षं! स्प्रिंग प्रेसखाली दाबायची, सोडायची, आणि थोडी जरी दबून राहिली तरी तिच्यावर खडूने फुली मारून भंगारात टाकायची. हा हात इतका बसला होता की एखाद्या दिवशी हे मऊ बटाट्यावरही फुली मारतील, असं त्यांची बायको कलावती म्हणायची.

त्यांची मुलगी पायल याच गाडीवर चालवायला शिकली. तिला वेड होतं चारशे मीटरच्या सरळ शर्यतीचं. तिने स्प्रिंगांच्या तीन जोड्या जमवल्या. प्रत्येकीला वजनकाट्यावर उभं करून वरून जॅकने दाबलं आणि इंचभर दबायला किती वजन लागतं ते वहीत लिहिलं. माझ्यावर नव्वद किलो पुरले. सगळ्यांत कडक जोडीला दीडशेही कमी पडले. पायलने निवडलं ते मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला. खोटं कशाला सांगू, मी फुलून गेले!

लहानूबाबांना ते पटेना. "काहून नरम टाकून राहिली, बेटा? दबली ते स्प्रिंग गेली."

"बाबा, समोर नरमच लागते," पायल म्हणाली. "गाडी सुटली का नाक उठते, अन् वजन पूरा मागच्या चाकांवर जाते. तेव्हाच तर टायर पकडते."

"अच्छा," बाबा म्हणाले. पण ते 'अच्छा' होकाराचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नागपूरच्या एका रेसिंग टीमला नवा ड्रायव्हर हवा होता. शहपुऱ्याच्या पुढे एका जुन्या धावपट्टीवर एकच दिवस चाचणी, प्रत्येकाला एकच धाव. चौदा सेकंदांच्या आत पोहोचायचं आणि वय सव्वीसच्या आत हवं. पायलला पुढच्याच महिन्यात सव्वीस वर्षं पूर्ण होणार होती. सरावात ती आमच्या जोरावर तेरा पूर्णांक आठमध्ये पोहोचायची.

चाचणीच्या आदल्या दुपारी ती नाव नोंदवायला गेली होती. शेजारचा अनुपम गल्लीतून जाताना हसून म्हणाला, "चाचाजी, आपकी गाडी तो बैठ गई!" बस्स. लहानूबाबांना ते लागलं. जन्मभर जो माणूस कुणापुढे वाकला नाही, त्याच्या मुलीची गाडी चार लोकांत नाक खाली घालून उभी राहणार? त्यांनी जॅक लावला, आम्हा दोघींना काढलं आणि कडक जोडी बसवली. मग खिशातून खडू काढून माझ्यावर फुली मारली. प्रेमाने केलं हो सगळं. म्हणूनच त्यांचा रागही येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पिकअपवर चढली आणि आम्ही पोत्यात, तिच्या शेजारी. धावपट्टीवर गाडी उतरवल्यावर पायलचं लक्ष पुढच्या चाकावरच्या वाढलेल्या फटीकडे गेलं.

"बाबा, तुम्ही स्प्रिंगा बदलल्या?"

"मजबूत टाकल्या, बेटा. आता झुकणार नाही."

तिच्या पुढे दोनच गाड्या होत्या. बदलायला वेळ नव्हता. तिने बाबांकडे पाहिलं आणि हेल्मेट चढवलं.

दिवा हिरवा झाला. नाक उठलंच नाही. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, रबराचा धूर पोत्यापर्यंत आला. चौदा पूर्णांक नऊ सेकंद. मी पोत्यात पडून होते, एक अख्खी चांगली उडी अंगात तशीच ठेवून.

पायल रडली नाही, भांडली नाही. आता ती एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसते. फक्त एक झालं. या घरात मराठी बोलली जायची. त्या दिवसापासून ती बाबांशी हिंदीत बोलते. "जी पापा." "हां जी, खा लिया." काउंटरवर आलेल्या पालकांशी बोलते तितक्याच अदबीने.

बाबांनी नंतर तिची वही वाचली. चार दिवस वाचत होते. मग माझ्यावरची फुली ओल्या फडक्याने पुसली. खडूच तो, लगेच गेला. मला उचलून ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बेटा, ही जोडी परत लावून देऊ का?"

पायल चप्पल घालत होती. "रहने दीजिए," ती म्हणाली आणि कामावर गेली. बाबांनी मला हळूच गॅरेजच्या दाराशी ठेवलं.

मित्रांनो, कुणावर फुली मारण्याआधी ते कशासाठी घडलंय हे एकदा विचारा. आणि विचारायचं ते वेळेवर विचारा. गाडी अजून आत उभी आहे, कव्हर घातलेली. नाक अगदी ताठ आहे तिचं. बाबा रोज कव्हरवरची धूळ झटकतात आणि माझ्याकडे न पाहता दार ओढून घेतात.