कवड्याचं आवतन

शेषराव मास्तरांच्या गोष्टींत कावळा वकिली करी, गाढव कीर्तन करी, मुंगीसुद्धा दोन वाक्यं ऐकवल्याशिवाय गप्प बसत नसे. शिळाछापावरच्या त्या पुस्तकानं अमरावतीच्या पोरांना वेड लावलं होतं. मास्तरांची मान त्यामुळे जरा ताठच झाली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ते अकोल्याला निघाले आणि वाटेत चंद्रभान पाटलाकडे उतरले. गोठ्यात पाटलाची बायको गोदाबाई हळद-तुपाची वाटी घेऊन रडत होती. आज बैलांचे खांदे शेकून त्यांना उद्याच्या पुरणपोळीचं आवतन द्यायचं, ही रीत. पण विलायतेला कापूस हवा होता, भाव आभाळाला भिडले होते, आणि चंद्रभाननं उन्हाळाभर गाडीमागून गाडी हाकली होती. जोखडानं सोललेला कवड्या बैलाचा खांदा अजून भरला नव्हता. दोन दिवस तो उठलाही नव्हता.

"मास्तर, तुमच्या पोथीत जनावरं बोलते म्हणतात," गोदाबाई म्हणाली. "याले इचारा ना, आमच्यावर रुसला काय? रुसला असन तं कोणत्या तोंडानं आवतन देऊ त्याले?"

तो रागावला नाही, एवढं म्हटलं की बाई सुखी झाली असती. असली वाक्यं मास्तरांच्या जिभेवर तयारच असत. पण जवळ बसून त्यांनी ती जखम पाहिली. बैलाबद्दल इतकं लिहिलं, पण बैलाच्या खांद्यावर आजवर हात ठेवला नव्हता. त्यांना लाज वाटली.

"बाई, मला त्याची बोली येत नाही," ते हळूच म्हणाले. "मी सगळं मनचं लिहितो."

गोदाबाईनं डोळे पुसले. पळसाच्या पानानं तूप लावायला तिनं हात उचलला मात्र, कवड्या धडपडला, पुढच्या गुडघ्यांवर आला, उठला. आणि तिच्या उचललेल्या हाताखाली त्यानं तोच सोललेला खांदा मुकाट वाकवून धरला, जुवाखाली धरावा तसा.

मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं मोठं काही आपल्या हातून कधी लिहून होणार नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

गोदाबाई त्याच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली. "नाई रे बापा, जू नाई आणलं! आज आवतन घे. उद्या जेवाले ये."