रित्या उखळाचा आवाज

मित्रांनो, पासलीजवळच्या एका वाडीत, घराच्या ओटीवर गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं मी एक जुनं दगडी उखळ आहे. माझं फक्त तोंड वर आहे. या तोंडानं मी चार पिढ्या पाहिल्या आणि खरं सांगू का, भीत भीतच पाहिल्या.

ओढ्यातला काळा दगड टाकीनं कोरून या घरच्या गेनबानं मला घडवलं. त्याची बायको ठकुबाई रोज पहाटे माझ्यात भात कांडायची आणि मुसळाच्या ठेक्यावर गायची,

मुसळाच्या तोंडी, घाल दाण्याचा ग घास
रित्या उखळाचा, घाव लागतो जिवास

रिकाम्या उखळात मुसळ मारायचं नाही, हा आमच्या घराचा नेम. दाण्यावरचा घाव मऊ वाजतो. रिता घाव दगडावर पडतो. कोरडा, समोरच्या डोंगराला धडकून परत येणारा. एकदा भर दुपारी बिबट्या गोठ्याच्या दाराशी आला. घरात ठकुबाई एकटी, झोळीत तान्हा चिमाजी. त्या दिवशी तिनं नेम मोडला. भातखाचरातली माणसं चिखलाच्या पायांनी धावत आली. तेव्हापासून वाडीला ठाऊक झालं, रितं उखळ वाजलं की हातातलं टाकून पळायचं.

चिमाजीची बायको चंद्राबाई सासरी आली, तेव्हा सासूनं तिला चुलीच्याही आधी हे शिकवलं. मग वेल्ह्याला भाताची गिरण झाली. ठकुबाई गेली, पुढं चिमाजीही गेला. माझ्या तोंडावर फळी आली, फळीवर हंडा. माझा आवाज मीच विसरत चाललो.

यंदा चंद्राबाईचा मुलगा धनाजी भाताच्या आवणीला सुट्टी काढून आला. तो शिवऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात कामाला आहे. येताना त्यानं भोंगवलीच्या धम्मदीप मिस्त्रीला फरशी बसवायला आणलं. फरशी एकेक ओळ माझ्याकडं सरकत होती. गाडलं जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं.

"आई, ह्येबी बुजवून टाकू. किती दिस ह्याला ठेचकाळायचं?" धनाजी म्हणाला.

"बुजीव की. मंग मी हाक कशानं मारू?"

"मोबाईल दिलाय न्हवं?"

"त्याला रेंजसाठी वडाच्या पाराव न्यावं लागतंय. पडल्याव पारापतूर रांगत जाऊ व्हय मी?"

धम्मदीप हसला. "काकू, मंग वडच हितं आणून लावतो."

हसता हसता त्यानं घमेलंभर खडी माझ्या तोंडात ओतली. हंडा, फळी कधीच बाजूला गेली होती. मुसळ जळणाला काढून माझ्याशेजारी आडवं टाकलं होतं.

टेम्पो वाडीत चढत नाही, म्हणून दोघं फरशीची खोकी आणायला खालच्या रस्त्यावर गेले. धनाजीची बायको खाचरात होती. घरात राहिल्या चंद्राबाई आणि पाच वर्षांची नात, शिवानी. पावसाची झड लागली होती. शिवानी कागदाची होडी घेऊन ओढ्याकडं निघाली. तिला धरायला चंद्राबाई उठली, ओल्या सिमेंटवर पाय गेला आणि ती माझ्याशेजारी कोसळली. कमरेखाली तिला हलता येईना.

"शिवाने, माघारी ये ग."

पावसात हाक उंबऱ्यापलीकडं गेली नाही. ओढा मात्र आतपर्यंत ऐकू येत होता.

तिनं मुसळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या तोंडात खडी. ती ओंजळीनं खडी उपसू लागली. नखं फुटली. प्रत्येक ओंजळीला ती नातीचं नाव घेत होती. तळ लागला. बसल्या बसल्या तिनं मुसळ वीतभर उचललं आणि सोडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या घावाला डोंगरानं ओ दिली.

धनाजी चढावरच खोकं टाकून पळत आला.

"मला न्हाई, वढ्याकडं बग," चंद्राबाई म्हणाली.

धम्मदीप अंगणातूनच तिकडं वळला होता. थोड्या वेळानं त्यानं शिवानीला खांद्यावर आणलं. पोरीच्या पायात एकच चप्पल होती.

चंद्राबाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून भोरच्या दवाखान्यात. तीन दिवसांनी मिस्त्रीनं विचारलं, "धनाजीभाऊ, ह्याचं काय करू?" धनाजी खाली बसला. राहिलेले चार खडे त्यानं बोटांनी वेचून काढले. "कडंनं फिरवा फरशी," म्हणाला.

मी वाचलो, पण भीती गेलेली नाही. चंद्राबाई अजून भोरलाच आहे. माझा आवाज ओळखणारी माणसं वाडीत आता किती उरली? मित्रांनो, घरातलं जुनं काही बुजवण्याआधी घरातल्या थोरल्या माणसाला एकदा विचारा, ही कुणाची हाक आहे.

काल भोरला आजीला भेटून आलेली शिवानी मुसळ ओढत माझ्याजवळ आली. मी धसकलो. पण तिनं ते भिंतीला टेकवलं, आत जाऊन मूठभर भात आणला आणि माझ्यात टाकला.

"आज्जी म्हणलीय, रितं ठिवायचं न्हाई."

बाहेर पाऊस आहे. ती मूठ मी तोंडात धरून बसलोय.